खालवर लागलेलं बटण

मास्तरांना वैताग यंत्राचा नव्हता, बायकोचा होता.

जन्मभर लोकांचे कपडे शिवलेले टेलरमास्तर वरच्या फळीवरून कापडाचा तागा काढताना शिडीवरून कोसळले आणि मानेतल्या मज्जारज्जूला दुखापत झाली. पाय गेले ते गेलेच, वर बोटंही मिटेनात. आता आठवड्यातून तीनदा उपचार केंद्रात मानेवर मागून पट्ट्या चिकटवून यंत्रातून हलकी वीज सोडत. मुंग्या यायच्या. त्या तासाभरात मास्तरांनी टेबलावरच्या लाकडी खुंट्या उचलायच्या.

"वीज एकटी काही करणार नाही, मास्तर. जोर तुम्हीच लावायचा," थेरपिस्ट दर वेळी बजावायची.

जोर लावायला मिळेल तर ना! खुंटी घसरली, की बायको झटकन हातात देई. घाम पुसे, नाक खाजवे, आणि दर दहा मिनिटांनी विचारी, "अहो, आज काही फरक?"

"अगं, बी पेरलंय का, रोज उकरून बघायला?"

सातव्या आठवड्यात थेरपिस्टने त्यांच्या अंगात सैल शर्ट चढवला. बायको फोनवर बोलायला बाहेर गेली होती. मास्तरांनी बटण चिमटीत धरलं. निसटलं. पुन्हा निसटलं. जिभेवर आलेल्या शिव्या गिळत ते झगडत राहिले आणि पाव तासाने बटण काजात शिरलं.

तेवढ्यात बायको आली. "अगबाई, खालवर लागलंय की!" म्हणत तिने ते काढलं आणि बरोबर काजात लावून टाकलं.

मास्तर असे ओरडले, की पलीकडचा पेशंट दचकला. "पाव तास झगडलो मी त्याच्याशी!"

"तुम्ही लावलं होतं?" तिचा चेहरा पडला. "मला वाटलं, मॅडमनी."

"आता काढ ते. काढायला अजून जमत नाही मला."

तिने बटण काढलं, खुर्चीवर बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. तास संपला होता, यंत्र बंद होतं. तरी मास्तर हटेनात. थेरपिस्टही थांबली. बोटं जड पडत होती, पण अर्ध्या तासाने बटण लागलं. पुन्हा खालवरच.

बायकोने ते पाहिलं. जागची हलली मात्र नाही.

"राहू दे तसंच," ती म्हणाली आणि चाकाची खुर्ची ढकलत बाहेर निघाली. हळू ढकल, हळू ढकल म्हणून मास्तर वाटभर कुरकुरत होते.