आर्नोचं पिंप

पांढऱ्या भिंतीवर काळे ठिपके होते, तीन, प्रत्येक मोहरीएवढा. सोलांजने ते बोटाने पुसून पाहिले. गेले नाहीत.

कोठाराच्या बाकी भिंती काजळी फासल्यासारख्या काळ्या होत्या. पिंपांच्या लाकडातून ब्रँडीची वाफ झिरपते आणि तिच्यावर ही बुरशी पोसते. वर्षाला प्रत्येक पिंप बोटभर उतरतं. उडून जातं तो देवदूतांचा वाटा, असं भट्टीवाले म्हणतात.

या घराण्यात चार पिढ्यांची भट्टी होती आणि एक रीत होती. मूल जन्मलं की त्याच्या नावाचं पिंप भरायचं. माणूस गेलं की ते बाकीच्या पिंपांत थोडं थोडं ओतायचं. सोलांजचा भाऊ आर्नो अल्जीरियाच्या लढाईवर निघाला, त्या दिवशी आईने, लेओनीने, त्याच्या पिंपामागची भिंत चुन्याने रंगवली. मग पिंपावर हात ठेवून बजावलं, की पोरगा परत येईपर्यंत यातलं कुणी काही घ्यायचं नाही.

आर्नो बेपत्ता झाला. सरकारने त्याला मृत ठरवलं, गावाने प्रार्थना केली. पिंप ओतायचा विषय निघाला की आई म्हणे, पुढच्या वर्षी बघू. अशी सव्वीस वर्षं गेली. भिंत कोरी राहिली आणि पातळी केसभरही उतरली नाही.

आई गुपचूप भर घालत असणार, असा सोलांजला संशय होता. एका हिवाळ्यात सोलांजने बुचावर लाख ओतून स्वतःच्या अंगठीचा ठसा उमटवला. वर्षाने पाहिलं तर ठसा शाबूत होता आणि लाख फोडून मोजलं तर पातळीही तीच. तेव्हापासून दर वर्षी मोजून ती नव्याने लाख ओतत आली. पिंपं दुरुस्त करणारा म्हातारा कास्तें तेव्हा म्हणाला होता, "बाई, देवदूतसुद्धा तुमच्या आईला टरकून आहेत." ती हसली होती. पण त्यानंतर कोठारात एकटी असताना तिने त्या पिंपाकडे कधी पाठ केली नाही.

आज तिने लाख फोडली, मोजकाठी आत सोडली. पुसून पुन्हा सोडली. पातळी बोटभर खाली होती. एका वर्षाचा वाटा, नेमका.

आई स्वयंपाकघरात लसूण सोलत होती. सोलांजने काठी तिच्यासमोर ठेवली.

"किती?" आईने विचारलं.

"बोटभर. याच वर्षी."

आईने काठीच्या ओल्या टोकाचा वास घेतला. "म्हणजे आत्ताआत्तापर्यंत जिवंत होता कुठेतरी," ती म्हणाली. "जेवत होता, झोपत होता. आणि मेल्याने एक पत्र टाकलं नाही."

लाकडाला चीर गेली असेल, कास्तेंला दाखवून घेऊ, असं सोलांज घाईने म्हणाली. आईने मान हलवली. हातातली पाकळी पुरती सोलून वाडग्यात टाकली, बोटं ॲप्रनला पुसली.

"कास्तेंला बोलाव, पण नरसाळं घेऊन. आर्नोचं पिंप आज ओतायचं."