सावलीतली वई

मित्रांनो, तुम्ही मला कुठल्यातरी पाखाडीच्या, दगडी पायवाटेच्या कडेला पाहिलं असेल आणि तसेच पुढे गेला असाल. मी एक जुना अडुळसा आहे. लांबट पानं, थंडीत येणारी पांढरी फुलं, एवढंच माझं रूप. रत्नागिरीतल्या एका आगरात मला लावलं, ते कुणाला माझी आवड होती म्हणून नव्हे. एका आजारी बाईला लोकांच्या नजरेआड करायचं होतं.

ते घर आप्पांचं. आप्पा कचेरीत कारकून. त्यांचा मुलगा शिवा मुंबईला गिरणीत होता आणि त्याची बायको सावित्री इथे सासरी नांदत होती. १९३१ साली तिला खोकल्यानं धरलं. पावसाळी खोकला असेल, जाईल, असं सगळे म्हणाले. तो गेला नाही. मग एका सकाळी पदरावर रक्त दिसलं. डॉक्टरांनी क्षय सांगितला आणि बजावलं, "तिला उघड्यावर ठेवा. हवा, कोवळं ऊन आणि दूध, याच्याखेरीज माझ्याकडे औषध नाही."

आप्पांनी मान डोलावली. पण घरात धाकटी लेक हिरा लग्नाची होती, आणि क्षयाच्या घरातली मुलगी कोण करून घेणार, या काळजीनं त्यांना घेरलं. त्यांनी सावित्रीचं अंथरूण मागल्या पडवीत हलवलं. तिथे फणसाची आणि पोफळींची गर्द सावली. भर दुपारीसुद्धा उजेड हिरवट. पडवीला लागूनच पाखाडी जायची आणि येणारा-जाणारा आत डोकवायचा. म्हणून तिथे झाडांची दाट वई, म्हणजे कुंपण घालायचं ठरलं.

आधी आप्पांनी मेंदी आणली. कचेरीच्या आवारात ती कशी छान कातरलेली असते, तशी त्यांना हवी होती. उन्हावाचून ती पिवळी पडून मेली. मग तगर लावली. ती उजेड शोधत उंच, किडकिडीत झाली आणि खालून सगळं मोकळंच राहिलं. आप्पा चिडून रोपं उपटत होते, तेव्हा अंथरुणावरून सावित्री म्हणाली, "मामंजी, इथे अडुळसा लावा. त्याला सावली चालते. गुरंही तोंड लावत नाहीत."

आप्पा तिच्याकडे न बघताच "बरं" म्हणाले.

संध्याकाळी सासू येसूबाई तिच्या उशाशी बसली. "ही वई कशासाठी, ते ठाऊक असून तूच कसं सांगितलंस गो?"

"नाहीतर माडाची झापं विणून बांधली असती, आत्याबाई. सुक्या झापांपेक्षा हिरवं बरं."

अशी माझी छाटं त्या ओल्या मातीत रोवली गेली. मी तरारून वाढलो. येसूबाई माझी पानं खुडून काढा करायची. आप्पा म्हणायचे, "वई ओरबाडू नकोस. भोकं पडतात." काढ्यानं सावित्रीचा खोकला घटकाभर सैल व्हायचा, पण त्या दुखण्यापुढे माझं काय चालणार? उलट मी जसा दाटत गेलो, तसा पडवीतला वारा तुटला. ती आत धापा टाकायची आणि बाहेर लोक आप्पांना म्हणायचे, वई झकास झाली हो. मला मागे सरकता येत नव्हतं.

एकदा लांज्याहून पाहुणे हिराला बघायला आले. हातपाय धुवायला ते मागल्या विहिरीवर आले. हिरा तांब्या घेऊन उभी होती. तेवढ्यात माझ्याआडून खोकल्याची उबळ ऐकू आली, थांबता थांबेना.

"कोण खोकतंय?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"गडी आहे. भिजलाय पावसात," आप्पा म्हणाले.

हिरानं तांब्या खाली ठेवला. "गडी नाही. माझी वहिनी आहे. तिला क्षय झालाय."

पाहुणे चहा न घेताच निघून गेले. आप्पा विहिरीपाशीच उभे राहिले. पलीकडून सावित्रीचा आवाज आला, "वन्सं, असं का केलंत?"

येसूबाईनं घरातून कोयती आणली आणि मला सपासप तोडायला लागली. आप्पांनी तिला अडवलं नाही. मला दुखलं, पण वारा आत गेला. त्याच दिवशी मायलेकींनी सावित्रीचं अंथरूण उचलून पुढच्या अंगणात, उन्हात नेलं.

थोडे दिवस तिला बरं वाटलं. मग शिवा बोटीनं आला आणि तिला घाटावरच्या इस्पितळात घेऊन गेला. फाल्गुनात तो एकटाच परतला. फार उशीर झाला होता, एवढंच त्यानं सांगितलं.

हिराचं लग्न पुढे केळशीच्या एका मास्तरांशी झालं, सगळं आधी सांगून.

आप्पांनी मात्र एकदाच तोंड उघडलं. मी पुन्हा फुटलो होतो. माझ्यासमोर उभं राहून ते येसूबाईला म्हणाले, "पहिल्यापासून उन्हात ठेवली असती तर?"

आप्पांनी कोयती घेतली आणि मला गुडघ्याएवढं छाटलं. तेव्हापासून हयातभर त्यांनी मला त्यावर वाढू दिलं नाही.

मित्रांनो, तुमच्या आगरात सावलीची जागा असेल, तर मला खुशाल लावा. मी ऊन मागणार नाही. पण माझ्याआड कुणाला ठेवणार असाल, तर आधी त्या माणसाला विचारा.