भिंतीला पाणी

मुर्ध्याला खाडीकडे जाताना मिठागराच्या कडेला एका शेठचा बंगला आहे. हवापालटासाठी बांधायला घेतलेला. सत्तर वर्षांपूर्वी शेठ वारले, काम थांबलं, ते थांबलंच. भिंती, कमानी उभ्या, छप्पर नाही. माझे सासरे कोंडिराम, आमचे आबा, परभणीहून सोळाव्या वर्षी आले ते या बंगल्यावर बिगारी म्हणून.

आता आबांना कालचं आठवत नाही, तेव्हाचं आठवतं. रोज संध्याकाळी विचारायचे, "आशा, छप्पर चढलं का?"

"नाही, आबा."

"बरं," म्हणायचे आणि भाकरी कुस्करायला घ्यायचे.

मागच्या सोमवारी माझ्या नवऱ्याला, लोकेशला, त्यांची दया आली. मी बोलायच्या आत तो म्हणाला, "चढलं आबा! रंगपण झाला. एकदम मस्त दिसतोय."

आबांनी ताट सरकवलं. मग तीन दिवस नुसता चहा. डॉक्टर म्हणाले, उद्याही खाल्लं नाही तर ॲडमिट करा.

"मी त्यांना खरं सांगते," मी म्हटलं.

"म्हणजे अजून खचायचे ते?" लोकेश म्हणाला. "तुझं शील ठेव तुझ्यापाशी. त्याने त्यांचं पोट भरणारे का?"

मी सकाळ-संध्याकाळ पंचशील घेते. खोटं बोलणार नाही, हे त्यातलं चौथं. पण त्या संध्याकाळी ते म्हणताना मी मध्येच थांबले. लोकेशचं बरोबर असलं तर?

वंदना संपवून आबांपाशी बसले. "आबा, लोकेश चुकला. छप्पर नाही चढलं."

ते उठून बसले. "खरं?"

"खरं. आत गवत वाढलंय."

"मंग काम हाय अजून!" त्यांनी माझा हात धरला. "मला वाटलं, संपलं. आता मुकादम म्हनंल, निघा गावाकडं."

लोकेश दारात उभा होता. आबांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "ह्यो कोन? ह्याला न्हाय कळत बांधकामातलं. भाकरी आन. सकाळी लवकर उठव, भिंतीला पाणी मारायचंय."

दीड भाकरी खाल्ली त्यांनी.

सकाळी लोकेशनेच रिक्षा आणली. बंगल्याच्या कमानीखाली आबा तांब्यातलं पाणी ओंजळीने विटांवर शिंपडत राहिले. तांब्या रिकामा झाला की लोकेश बाटलीतून भरून द्यायचा.

"पुरे आता आबा, दमाल," तो म्हणाला.

"शेठला घाई न्हाय," आबा म्हणाले, "तुला कशाला रं?"