इनशाचे हरलेले डाव

मी बुद्धिबळाचा एक जुना पट आहे, मित्रांनो. रेवदंड्याच्या खाडीकाठी दयाराम सुतार होड्या दुरुस्त करायचे. एका होडीच्या कामातून उरलेल्या सागाच्या फळीतून त्यांनी मला घडवलं आणि काळ्या घरांसाठी शिसवीचे तुकडे बसवले. त्यांचे मित्र जैनुद्दीन तेव्हा नोकरीसाठी बहारीनला निघाले होते. त्यांच्याबरोबर मीही गेलो. तिथे सव्वीस वर्षं दर शुक्रवारी जेवणं झाली की खोलीतली माणसं माझ्याभोवती जमायची. घराची आठवण विसरायला ती खेळत. माझ्या लाकडाचं फार कौतुक व्हायचं.

जैनुद्दीन म्हातारे होऊन गावी परतले आणि मुलीकडे, कुलसुमकडे राहू लागले. कुलसुमची मुलगी इनशा तेव्हा अकरा वर्षांची होती. तिच्या नानांनी, म्हणजे जैनुद्दीन यांनीच, तिला घोड्याची अडीच घरं शिकवली आणि मला नवा सोबती मिळाला. चौदाव्या वर्षी ती नानांना हरवू लागली. एकदा, दोनदा, मग रोजच.

सगळ्यांना आनंद झाला. नानांना मात्र शंका होती. त्यांची नजर मंदावली होती, हत्ती आणि उंट यांत त्यांची गल्लत व्हायची. पोर पुढे जातेय की आपणच मागे पडतोय, हे त्यांना कळेना.

म्हणून त्यांनी तिला अलिबागच्या एका स्पर्धेला नेलं. मीही पिशवीत होतो. तिथे एक नावाजलेले प्रशिक्षक होते. नानांनी त्यांना नातीचा खेळ बघायची विनंती केली. ते पाच मिनिटं तिच्या मागे उभे राहिले. तेवढ्यात इनशाने घाईत वजीर गमावला. त्यांनी नानांना बाजूला घेऊन सांगितलं, की हिने उशिरा सुरुवात केली, या वयाची मुलं कुठच्या कुठे गेलेली असतात, आता अभ्यासाकडे लक्ष द्या. ते हळू बोलले, पण इनशाने ऐकलं होतं.

घरी आल्यावर तिने सोंगट्या डब्यात भरल्या आणि डबा कपाटावर ठेवला. मी स्वयंपाकघरात गेलो. माझ्यावर गरम पातेली ठेवली जाऊ लागली. कुणाचा राग नव्हता, कुणाच्या लक्षातच येत नव्हतं. मधल्या चार घरांवर काळं वर्तुळ उमटलं. अकरा महिने माझ्यावर एकही प्यादं हललं नाही.

नाना या काळात खंगले. एक दिवस त्यांनीच म्हसळ्याच्या सुचिताबाईंना निरोप धाडला. त्या शाळेत गणित शिकवायच्या आणि सुट्टीत मुलांना बुद्धिबळ. रविवारी सकाळी त्या आल्या. इनशाने मला घासूनपुसून ओटीवर मांडलं, पण तिचा चेहरा उतरलेला होता.

सुचिताबाईंनी सोंगट्यांना हात न लावता आधी तिची डाव लिहून ठेवायची वही मागितली. इनशाला लाज वाटली. वहीत हरलेलेच डाव जास्त होते. बाईंनी पानं सावकाश वाचली. मग एक राजा, एक प्यादं आणि समोरचा राजा एवढंच माझ्यावर मांडून विचारलं, हे जिंकशील का? इनशाने प्यादं पुढे रेटलं आणि डाव बरोबरीत सुटला. बाईंनी उत्तर न सांगता सगळ्या सोंगट्या मांडल्या. मग दोघी तीन डाव खेळल्या. तिन्ही इनशा हरली. तिसरा मात्र दुपारच्या बांगेपर्यंत चालला. शेवटी ती स्वतःच म्हणाली, "बाई, मघाचं ते परत मांडू? राजा आधी पुढे न्यायला पायजे होता." तिने मांडलं आणि जिंकून दाखवलं.

नाना खाटेवरून म्हणाले, "बाई, खरं सांगा. मी पोरीला खोटी आशा तर लावली न्हाय ना?"

सुचिताबाई म्हणाल्या, "चाचा, आज तिचा खेळ बेताचाच हाय. सुरुवात कच्ची, घड्याळाला घाबरते. पण पहिल्या डावातली चूक तिने तिसऱ्यात केली न्हाय. आणि अकरा महिने खेळ सोडून पण वहीत जुन्या डावांखाली नव्या शाईने चुका लिहिल्यात."

नाना इनशाकडे बघत राहिले. ती मान खाली घालून बसली होती.

"मग किती पुढं जाईल?"

"ते मला ठाऊक न्हाय. एका दिवसात सांगणारा असेल, त्याचं ऐकू नका. मला एक वर्ष द्या."

ते वर्ष नानांना पुरतं मिळालं नाही. फेब्रुवारीत ते गेले. त्यानंतर कित्येक दिवस इनशा माझ्यासमोर नुसतीच बसायची. मग एका संध्याकाळी तिने वही उघडली.

मे महिन्यात ती पुन्हा अलिबागला खेळली. नऊ डावांत साडेचार गुण झाले आणि तिला पहिलं रेटिंग मिळालं. आकडा मोठा नव्हता. सुचिताबाईंनी तो बघितला, पुढच्या वर्षाचा अभ्यास लिहून दिला आणि एवढंच म्हणाल्या, की बरोबर चाललंय.

घरी आल्यावर कुलसुमने विचारलं नाही, की जिंकलीस का. तिने ओले हात पदराला पुसले, नानांच्या जागेवर बसली आणि म्हणाली, "कुठं हरलीस ते दाखव मला."

तिला घोडा कसा चालतो तेही ठाऊक नव्हतं. इनशाने तिथपासून सुरुवात केली.

मित्रांनो, मी लाकूड आहे. चटका बसलेल्या जागी मला तासता येतं, तेल लावता येतं. माणसाच्या लेकराला असं तासता येत नाही. म्हणून कुणाचं मोल ठरवायची वेळ आलीच, तर थोडं बसा. त्याची वही मागा, हरलेला डाव पुन्हा मांडायला सांगा आणि जुन्या चुकीपाशी त्याचा हात थांबतो का ते बघा.