चाकांची आंघोळ

आर्वोने हिवाळ्यासाठी अलॉयची चाकं मागितली, तेव्हा दुकानदाराने त्याला परोपरीने समजावलं, "आजोबा, बर्फात लोखंडी बरी. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ अलॉयला खातं."

पण गाडीत त्याची बायको हेल्मी बसणार होती, चाकं देखणीच हवीत. म्हातारा हटून बसला. शेवटी जाड लेप दिलेली, सरळ पाच आऱ्यांची चाकं ठरली. नक्षी नाही, म्हणजे मीठ दडायला जागा नाही.

"चांदण्याच रे!" हेल्मी चाकं पाहून म्हणाली, आणि दर शनिवारी चाकांची आंघोळ सुरू झाली.

त्या शनिवारी तर विशेषच. घशाचं ऑपरेशन होऊन वर्ष लोटलं होतं आणि उद्या चर्चमध्ये भजनाची पहिली ओळ हेल्मी एकटी म्हणणार होती. आर्वोने सॉनातल्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीतल्या, कोमट पाण्याने आरा न् आरा धुतला, मऊ फडक्याने पुसला. धुतल्यावर एक फेरी मारायची, ब्रेक दाबत दाबत वाळवायचे, हे तो गावभर सांगत फिरायचा. पण आतून हाक आली, "कॉफी निवतेय!" आणि भल्या माणसाने घाईत, ब्रेक ओले असतानाच, हँडब्रेक ओढला.

सकाळी कडाक्याची थंडी. गाडी सुरू झाली, पण जागची हलेना.

"काय झालं?"

"गोठल्या."

"कोण?"

"तुझ्या चांदण्या. थांब, कढत पाणी आणतो."

"परत पाणी?" हेल्मी हसली, पण हात गळ्याशी गेला. तळ्यापलीकडून चर्चची पहिली घंटा आली. ती हळूच म्हणाली, "राहू दे. म्हणेल दुसरं कुणी."

ते काही आर्वोला ऐकवेना. त्याने खोपीतून पायाने रेटायची घसरगाडी काढली, पुढच्या खुर्चीवर घोंगडी टाकली. "बस. तोंड मफलरमध्ये. एक शब्द बोलायचा नाही."

गोठलेल्या तळ्यावरून घसरगाडी निघाली. एक पाय पट्टीवर, दुसऱ्याने रेटा. अर्ध्यावर मफलरमधून आवाज आलाच, "हिची चाकं अलॉयची का रे?"

"हिला चाकंच नाहीत."

"म्हणून पोचणार!"

पोचले. हेल्मी उभी राहिली. सुरुवातीला आवाज जरा कापला, मग देवाने हात धरल्यासारखा सुरावर टेकला आणि छतापर्यंत गेला. दुसरी ओळ सगळ्यांनी म्हणायची होती. मागच्या बाकावर, टोपीतून वाफा निघत असलेल्या आर्वोला तेवढा दम उरला नव्हता. तो नुसता ऐकत राहिला.