आत घेतलेल्या टिपा

गल्लीत कुणाचं वजन वाढलं, कुणाचं घटलं, हे डॉक्टरांच्याही आधी तिला कळायचं. टेप एकदा फिरवली की बास. पंचवीस वर्षं घराच्या पुढच्या खोलीत शिवणयंत्र चालवणाऱ्या बाईला एवढा तोरा शोभायचाही.

तिची लेक एकोणीस वर्षांची. प्रवेश परीक्षेची ही तिसरी खेप, आणि पाच आठवडे उरलेले. वर्षभर पोरीचं एकच रडगाणं: पोट दुखतं, छातीत धडधडतं, झोप लागत नाही. तपासण्या झाल्या, सगळे रिपोर्ट ठणठणीत. "अभ्यास टाळायचे बहाणे आहेत सगळे," असं आईने सोमवारीच सुनावलं होतं, आणि पोरीने निमूटपणे पुस्तकात डोकं घातलं होतं.

आज मावसबहिणीच्या लग्नासाठी ड्रेस शिवायचा म्हणून आईने तिला समोर उभं केलं. खांद्याचं माप गेल्या वर्षीपेक्षा दीड इंच कमी आलं. टेप सरकली असेल म्हणून पुन्हा घेतलं. तेवढंच.

"खांदे सैल सोड गं."

"सोडलेत की."

कुठले सोडलेत! खांदे कानांना टेकायला निघालेले. आईने वर तळहात ठेवले, तर आत नुसतं लाकूड. हळूच दाबल्यावर खाली गेले, हात काढताच पुन्हा वर आले. आणि पोरीला त्याचा पत्ताच नव्हता.

कमरेचं माप घेतलं आणि आई मटकन स्टुलावर बसली. वर्षभरात पोरीने चार वेळा कपडे आणून दिले होते. "आई, जरा आत घे ना." हिने दर वेळी हौसेने टिपा मारून दिल्या. वर म्हणाली, "बारीक झालीस, छान दिसतेस." शेजारी, मामा, शिक्षक, कुणालाच काही खटकलं नाही, कारण प्रत्येक कपडा अंगावर अगदी चपखल बसत होता. पोर झिजत होती आणि आई सफाईने ते झाकत होती. तिला स्वतःची चीड आली, आणि लेकीची माया दाटून आली.

"रात्री झोपतेस किती?" तिने कसंबसं विचारलं.

"दोन-तीन तास. पेपर समोर आला की अक्षरं पळतात, आई. हात थरथरतात."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं."

पोरीच्या आवाजात राग नव्हता. तेच आईला जास्त लागलं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "उद्या मनाच्या डॉक्टरांकडे जाऊ. तू बोलायचंस, मी तोंड उघडणार नाही. आणि या वर्षी परीक्षा नाही."

"आणि बाबा?"

"त्यांना मी बघते."

मग पोरगी रडली. आईच्या कुशीत शिरून, लहानपणी रडायची तशी हमसून हमसून रडली. आईने घाई केली नाही. बऱ्याच वेळाने नाक पुसत पोरीने विचारलं, "ड्रेसचं काय?"

"या मापाचा मला शिवायचाच नाही."

"मग लग्नात काय घालू?"

"तुझा निळा. त्याच्या टिपा उसवून देते, जरा मोकळी हो."

"अगं, गोणीसारखा दिसेल! लोक तुझ्या शिवणाला नावं ठेवतील."

"ठेवू देत. कुणी विचारलंच तर सांग, आईचं लक्ष नव्हतं."