कोरड्या घशातला ओला गोळा

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. फुंकर मारून पीडा काढणाऱ्या फुंकरवाल्याने एका बाईच्या घशातून काळा गोळा काढला, तसे मागचे लोक खुर्च्यांवर चढले. मी दाराशी. जावं की थांबावं?

पुढचा नंबर बाबांचा.

पण आधी बाबांविषयी. ते शिंपी. घशाचा कॅन्सर किरणोपचारांनी बरा झाला, त्याला वर्षं लोटली. आता घास अडकतो, घशात काहीतरी रुतल्यासारखं वाटतं. उद्या दुर्बिणीने तपासणी होती. होती, फुंकरवाल्याचं ऐकून सकाळी बाबांनीच फोन करून रद्द केली.

"पीडा लाजाळू असते," फुंकरवाला सांगत होता. "डॉक्टरांची नळी दिसली की खोल दडते. माझी फुंकर ओळखते, बाहेर येते."

"आमच्या मांजरासारखी," मी म्हणाले.

"गप बस गं," सोबत आलेली आत्या म्हणाली.

त्याने खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसले. दोन बोटं बाबांच्या तोंडात. फुंकर. गोळा! काळा, पाणी गळणारा. मग त्याने कोमट पाणी पाजलं, हनुवटी खाली करून, घोट घोट.

"मोकळं वाटतंय गं," बाबांचे डोळे भरले.

पाणी गळणारा?

बाबा पूर्वी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून सुईत ओवायचे. किरणांनी लाळच आटली. तेव्हापासून दुकानात दोरा मी ओला करते.

"बाबा, तुमच्या तोंडात दोरा भिजत नाही. हा गोळा एवढा कुठे भिजला?"

बाबांनी गोळा चिमटीत धरला. चोळला. तंतू सुटले.

"कोटाच्या खांद्यात भरतात तो कापूस आहे हा."

मी टॉवेल ओढला. चिंब. घडीतून आणखी तीन गोळे जमिनीवर पडले. आत्याने पाय मागे घेतले. फुंकरवाला ते पायाने खुर्चीखाली ढकलू लागला.

"मग मला बरं का वाटलं?" रस्त्यावर बाबांनी विचारलं.

"पाण्याने. दवाखान्यातल्या ताईंनी अस्संच प्यायला शिकवलं होतं. तुम्ही कंटाळा केलात."

"रोज कोण करतं?"

"कापूस गिळण्यापेक्षा सोपं आहे."

किरणांनंतर कित्येक वर्षांनीही घसा कोरडा पडतो, ताठरतो. कधी कारण वेगळंही असतं. ते तपासल्याशिवाय कळत नाही, आणि तपासणी चुकवायला लावणारा माणूस तुमचा कोणी नव्हे. कोणी तुमच्या आतून काही काढून दाखवलं, तर त्याच्या हातांकडे बघा. टॉवेलकडेही.

बाबा दवाखान्याला फोन लावून खरखरत्या आवाजात विचारत होते, "उद्याची वेळ दुसऱ्याला दिली का हो?"